लान्स कॉर्पोरल बिलीला सलाम

धामणखेलचे कानिफनाथ लवांडे फौजेतून सुटले तेव्हा लान्स नाईक होते. पण आमच्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, म्हणून गाव त्यांना मेजर म्हणे. त्यांनीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

दरवर्षी सव्वीस जानेवारीला मेजर कोटावर तीन मेडलं लावायचे आणि तिसगावहून सकाळची एसटी धरायचे. बरोबर दोन माणसं असायची. एक यशया साळवे. दुसऱ्या महायुद्धात तो मेजरांच्याच पलटणीबरोबर जखमींचं स्ट्रेचर उचलायला होता. दुसरी रंगुबाई. तिचा नवरा गोरक्ष मेजरांच्या बरोबरच भरती झाला आणि चव्वेचाळीस साली इटलीत पडला. लग्नानंतर जेमतेम दोन महिने तो घरी होता. पुढे एकदम तारच आली. त्याचा फोटो नव्हता, अस्थी आल्या नाहीत. रंगुबाईला रडायला एक जागा म्हणून नव्हती.

ती जागा मेजरांनी साठ साली शोधून दिली. करंजीचा घाट उतरून नगरकडे जाताना भिंगारच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, चिंचेखाली एक उभा दगड होता. वर इंग्रजी अक्षरं कोरलेली. मेजर रंगरूट असताना एक म्हातारा गोरा साहेब तिथून घोड्यावरून जायचा, घोडा थांबवायचा आणि त्या दगडाला कडक सलाम ठोकायचा. एवढं मेजरांना पुरेसं होतं. साहेब सलाम ठोकतो म्हणजे दगड पडलेल्या शिपायांचाच असणार. शिवाय वरच्या ओळीतला 'लान्स' हा शब्द त्यांना ओळखीचा वाटे. त्यांच्या डिस्चार्जच्या कागदावर तो होता. खालच्या ओळी शेवाळानं झाकल्या होत्या. त्या वाचायची गरजही कुणाला पडली नाही.

म्हणून अकरा वर्षं हे तिघं तिथं जात होते. मेजर सलाम करायचे, यशया टोपी काढून प्रार्थना म्हणायचा, आणि रंगुबाई दगडावर तांब्याभर पाणी घालून, झेंडूची दोन फुलं ठेवून त्याच्याशी बोलत बसायची. मग तिघं भिंगारमध्ये लंकाबाईच्या खानावळीत जाऊन मटण-भाकरी खायचे आणि दुपारच्या गाडीनं परत यायचे.

बाहत्तर साली मात्र गडबड झाली. आदल्या महिन्यात लढाई जिंकलेली, घरोघरी रेडिओसमोर माणसं बसलेली, आणि गावाला एकदम आठवलं की आपल्याकडे मेजर आहेत. सरपंच राधाकृष्ण आव्हाड म्हणाले, "यंदा तुमी एकटं जायचं न्हाई. सगळं गाव येनार."

सगळं गाव म्हणजे एका जीपमध्ये एकोणीस माणसं, एक ढोल आणि पोतंभर नारळ. यशयाची सून दया हीसुद्धा आली. ती मिशनच्या शाळेत शिकलेली, आता गावच्या शाळेत मास्तरीण होती. गावात इंग्रजी वाचणारी ती एकटीच.

सरपंचांना दगडाचा अवतार पाहवला नाही. त्यांनी काथ्या आणि सोडा बरोबर आणला होता. दोघा जणांनी अर्धा तास दगड घासला, आणि साठ वर्षांची अक्षरं लख्ख उघडी झाली.

"मास्तरीणबाई," सरपंच म्हणाले, "वाचून सांगा आमाला. मोठ्यानं."

दया पुढे झाली. दगडावर लिहिलं होतं: लान्स कॉर्पोरल बिली. पलटणीचा पांढरा बोकड. सात वर्षं पलटणीच्या सर्वांत पुढे चालला आणि एकदाही मागे फिरला नाही. बँडमास्तरांचे हातमोजे खाऊन मरण पावला. १९११.

तिनं ते मनात दोनदा वाचलं. रंगुबाई दगडाला एक हात टेकवून बसली होती आणि वर तिच्याकडे बघत होती. दयाला खोटं बोलायची सवय नव्हती.

"लान्स कॉर्पोरल बिली," ती म्हणाली. "सात वर्षं पलटणीच्या सर्वांत पुढे चालला. एकदाही मागे फिरला नाही."

"अरारारा!" माणसं हळहळली. कुणीतरी नाक ओढलं.

"गोरा हुता का?"

"पांढरा होता," दया म्हणाली.

"मेला कशानं?"

"पोटात काहीतरी गेलं."

"गोळी!" सरपंच गर्दीकडे वळून म्हणाले.

"तसं लिहिलेलं नाही."

"मग संगीन! समोरासमोर लढला आसंल." सरपंचांनी डोळे पुसले. "परक्या मुलखातला मानूस. आपल्या मातीत पडला. ना आई, ना बाप, ना बायकू."

"बायकोचं काही लिहिलेलं नाही," दया म्हणाली. पुढचं कुणी ऐकलं नाही, कारण ढोल सुरू झाला. एकोणीस माणसांनी एकोणीस नारळ फोडले. मेजरांनी असा सलाम ठोकला की कोटावरची मेडलं खणखणली.

खानावळीत दयानं सासऱ्याला बाजूला घेऊन खरं सांगितलं. यशया बराच वेळ भाकरी चुरत बसला. मग त्यानं शेजारी बसलेल्या मेजरांच्या कानाला तोंड लावलं.

मेजरांच्या हातातली फोड परत ताटात पडली. त्यांनी ताटाकडे बघितलं, रश्श्याकडे बघितलं आणि ताट हळूच लांब सरकवलं.

"अकरा वर्सं," ते म्हणाले. "सलाम तिकडं आन् जेवन हितं."

"आपल्याला कुठं माहीत होतं, मेजर?"

"पन बोकडाला हुद्दा कसा काय?"

दया म्हणाली, "काही गोऱ्या पलटणींत तशी रीत होती, मेजरकाका. शाळेत आमच्या मॅडम सांगायच्या. बोकडाला नंबर असायचा, रेशन असायचं. नीट चालला तर बढती मिळायची."

मेजरांनी विचार केला. विचार करताना त्यांचे ओठ हलत. "लान्स कॉर्पोरल म्हंजी आपल्याकडचा लान्स नाईक. माझ्याच बरोबरीचा. पन नोकरी त्याची सात वर्सं, माझी सहा. मरूस्तवर एकदाबी मागं फिरला न्हाई. मी इटलीत कासिनोच्या लढाईत दोनदा फिरलोय." ते यशयाकडे वळले. "सलाम वाया गेला न्हाई, यशया."

"पण रंगुवहिनी?"

पलीकडे बायकांच्या रांगेत रंगुबाई जेवत होती. तिला काही सांगायचं नाही, असं तिघांनी ठरवलं.

तसं ते निभावलंही असतं. पण सरपंच गप्प बसणाऱ्यातले नव्हते. पंधरा दिवसांत त्यांनी जाहीर केलं की धामणखेलच्या चौकात वीराचा पुतळा उभा राहणार. वीर म्हणजे अर्थात लान्स कॉर्पोरल बिली. "तिकडं चिचंखाली त्याला कोन बघतंय? आपल्याकडं असूं द्या. तालुक्यात कुनाकडं गोरा शिपाई हाय?"

काम दिलं नगरच्या एका गणपती करणाऱ्या कारागिराला. त्यानं आजवर माणूस असा कधी केला नव्हता. फोटो मागितला तर फोटो नाही. मग तो शाळेत येऊन दयासमोर बसला. इंग्रजी तिनं वाचलं होतं, तेव्हा माणूस कसा दिसत होता हेही तिलाच माहीत असणार, अशी त्याची समजूत.

"चेहरा कसा हुता बाई?"

"लांबट," दया म्हणाली.

"दाढी?"

"होती. पांढरी. खाली निमुळती."

"कान?"

"मोठे."

"डोक्यावर काय द्यावं?"

दया गोंधळली. "डोकं झाकूनच टाका," ती म्हणाली. कारागिरानं फेटा लिहून घेतला.

होळीच्या सुमाराला सिमेंटचा पुतळा तयार झाला. छातीपर्यंतचा. मेजर आणि यशया तो बघायला गेले. फेट्याखाली एक लांब तोंडाचा, निमुळत्या दाढीचा म्हातारा होता आणि तो फार शांतपणे समोर बघत होता. अंगावर फौजेचा कोट. यशयानं टोपी काढली आणि परत घातली.

"बरा जमलाय," तो म्हणाला.

"लई बरा जमलाय," मेजर म्हणाले. "हीच तर आडचन हाय."

आता मात्र मेजरांना राहवेना. गावानं बोकडाला हार घालायचा आणि गोरक्षचं नाव कुठंच नाही, हे त्यांना खुपू लागलं. एका सकाळी ते रंगुबाईच्या शेतावर गेले. ती हरभऱ्याचे घाटे बडवत होती. मेजर मेडलं लावून आले होते, त्यामुळे ती बडवणं थांबवून उभी राहिली.

"काय झालं, भावजी?"

मेजरांनी बांधावर उभं राहून रिपोर्ट दिल्यासारखं सगळं सांगितलं. साहेब, घोडा, दगड, शेवाळ, सोडा, हातमोजे. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाले, "चूक माझी हाय, वैनी. मला वाचाया येत न्हवतं."

रंगुबाई खळ्यात बसली.

"बोकड म्हंजी बोकड?"

"व्हय."

"शिंगाचा?"

"व्हय. पर हुद्देदार."

मेजर हात जोडून उभे. ती रडेल की शिव्या देईल, याची वाट बघत होते. ती हसली. आधी नाकातून, मग सगळं अंग हलवून, डोक्यावरचा पदर खाली येईपर्यंत. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग त्यातलं हसणं कधी संपलं, ते मेजरांना समजलं नाही.

"भावजी," ती डोळे पुसत म्हणाली, "मी त्याला समदं सांगितलंय वो. सासूनं किती गांजलं ते. दिरानं निम्मं वावर कसं बळकावलं ते. येकदा तर..." ती थांबली. "आसू द्या. ऐकलं त्यानं. उठून तर गेला न्हाई."

"तुमी रागावला न्हाई?"

"कुनावर? बोकडावर?" तिनं घाट्यांवरचा भुसा उगाच फुंकला. "खरं सांगू? मला यांचा चेहराच आठवत न्हाई. दोन महिनं हुते. मी मान वर करून बघितलंबी नसंल धड. जेवताना लई वाजवायचे, येवढं ध्यानात हाय. मग मी दगडाम्होरं बसायची तवा कुनाचा चेहरा डोळ्याम्होरं आनायची? कुनाचाच न्हाई."

मग ती उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "चला."

"कुठं?"

"सरपंचाकडं."

सरपंच ओट्यावर दाढी करत होते. रंगुबाईनं बोकडाचा विषयच काढला नाही. ती म्हणाली, "दादा, तो गोरा बाबा चिचंखाली बरा हाय. त्याचा दगड तिथं हाय, नाव हाय. माझ्या मानसाचं नाव कुठंबी न्हाई. तुमच्या पुतळ्याखाली त्याचं घाला."

सरपंचांचा वस्तरा गालावर थांबला. "अगं पन रंगुबाई, पुतळा तर साहेबाचा हाय. चेहरा त्याचा."

"चेहरा कुनी बघितलाय?"

"तुझा नवरा बावीस वर्साचा हुता. ह्याला पांढरी दाढी हाय."

"मंग? आज आसता तर पिकलाच आसता की."

सरपंचांनी मेजरांकडे बघितलं. मेजर सावधानमध्ये उभे होते. "गोरक्ष आन् मी येकाच वयाचे," ते म्हणाले आणि आपल्या पांढऱ्या मिशांवरून बोट फिरवलं.

सरपंचांना ते पटायला आणखी एक कारण होतं. उद्घाटनाला येणारे पाथर्डीचे तहसीलदार साहेब दोनदा विचारून गेले होते की हा बिली धामणखेलचा कोणत्या आळीतला. त्याचं उत्तर सरपंचांकडे नव्हतं. गोरक्षची आळी तरी सांगता येत होती.

एक मे रोजी पुतळा उघडला. खाली पाटी होती: वीर गोरक्ष शिरसाट, धामणखेल. पाथर्डीचे साहेब भाषणात म्हणाले की वीराच्या चेहऱ्यावर इथल्या मातीतला सोशिकपणा दिसतो. यशयाला ठसका लागला. दयानं त्याला पाणी दिलं. म्हातारी माणसं पुढे होऊन पुतळा निरखत होती. त्यातल्या दोघांनी, कडूबाई आणि तिच्या थोरल्या भावानं, खात्रीनं सांगितलं की गोरक्ष हुबेहूब असाच दिसायचा. नाक तर तेच.

"कान पन त्येच," कडूबाई म्हणाली. "शिरसाटांचे कान हायेत ते."

रंगुबाईनं हे ऐकलं. तिनं पुतळ्याकडे पहिल्यांदाच नीट, मान वर करून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हार घातला.

आठ दिवसांनी ती पुन्हा सरपंचांच्या ओट्यावर आली. या वेळी चेहरा ओढलेला होता. झोप झाली नसावी.

"आता काय?" सरपंचांनी विचारलं.

"दादा, पुतळा जरा फिरवून घ्या."

"फिरवून? का बरं?"

"माझं दार सरळ त्याच्या म्होरं येतंय. मी झाडाया निघाले, बघतोय. भाकरी कराया बसले, बघतोय. अठ्ठावीस वर्सं एकटी ऱ्हायलेली बाई मी. मला सवय न्हाई कुनी आसं बघायची." तिनं पदर ओढून घेतला. "लाज वाटती वो."

सरपंचांनी चार माणसं आणि पहार पाठवली. मेजर देखरेखीला उभे राहिले. पुतळा हात-दीड हात वळवून पुन्हा सिमेंटनं पक्का केला. आता तो एसटीच्या थांब्याकडे बघतो. गाडीची वाट बघत बसलेल्या बाहेरगावच्या माणसांना वाटतं, याचं कुणीतरी यायचं राहिलंय.