तोटी वेगळी मिळत नाही

मी एक जुनी पाण्याची पाठपिशवी आहे. दुकानात मला हायड्रेशन बॅग म्हणायचे. करी रोडच्या चाळीत 'मनवाची ती पाणीवाली' म्हणतात. माझ्या पोटात पाण्याची थैली, थैलीतून खांद्यावर येणारी नळी आणि नळीच्या टोकाला मऊ तोटी. दातांनी दाबली की पाणी येतं, सोडली की बंद. माझं सगळं मोठेपण त्या बोटाच्या पेराएवढ्या तोटीत आहे.

मित्रांनो, लोअर परळच्या मॉलमध्ये माझ्या गळ्यात चिठ्ठी होती: चार हजार, त्यावर लाल काट, खाली तेवीसशे. चार हजारांना मला कोणी कधी घेतलं नसतं. पण ती काट पाहिली की माणसं सतराशे रुपये कमावल्यासारखी हसतात. मनवाही हसली. ती समोरच्याच चपलांच्या दुकानात कामाला. दिवसभर उभी राहते आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरात धावते.

मी तिच्याबरोबर पुष्कळ घाट चढले. वाटेत भेटेल तो आधी मला हात लावायचा आणि मग विचारायचा, "कितीला पडली?" तिला दम लागलाय का, हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

यंदा मोठी डोंगरशर्यत होती. पहिल्या तिघींना हिमालयातल्या शिबिराचा सगळा खर्च मिळणार होता. मनवाला तिथे जायचा दुसरा रस्ता नव्हता. नियम एकच कडक होता: पाणी पाठीवर, नळीच्या थैलीतच. कड्यावर दोरीला दोन्ही हात लागतात, म्हणून बाटली चालत नाही.

शुक्रवारी मनवा कामावर असताना तिच्या आईने, नलूने, मला हौसेने धुतलं, पाणी भरलं आणि नळी उलटी धरली. थेंब येईना.

"मेल्यांनी भोकच ठेवूक नाय!" ती म्हणाली आणि तिने गॅसवर सुई तापवली. मनवा तान्ही असताना दुधाच्या बाटलीच्या रबरी बोंडाला तिने असंच भोक पाडलं होतं. सुई माझ्या तोटीतून आरपार गेली. पाणी आलं. नलू समाधानाने मला खुंटीला टांगून बाजारात गेली.

संध्याकाळी मनवा आली तेव्हा माझ्याखाली तळं साचलं होतं. तिने लगेच कंपनीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे इतक्यांदा ऐकलं की मलाही क्षणभर खरं वाटलं. मग हितेंद्र नावाचा मुलगा बोलला.

"मॅडम, तोटी वेगळी मिळत नाही. नळी, थैली, तोटी असा सेट येतो. अठराशे पन्नास. आठ दिवस लागतील."

"अहो, रविवारी शर्यत आहे माझी! मला नुसती तोटी हवीय."

"थांबा, वॉरंटी आहे तुमची. कंपनीचा दोष असेल तर उद्या दुकानातूनच बदलून देतील. नियम म्हणून विचारतो, कोणी काही केलं नाही ना तिला?"

मनवा तोंड उघडणार, तोच दारातून पिशव्या सांभाळत नलू म्हणाली, "दोष कंपनीचाच! बंदच पाठवली होती. मी सुईने भोक पाडलंय म्हणून पाणी येतंय तरी!"

मग हितेंद्र अगदी हळू म्हणाला, "मॅडम... कॉल रेकॉर्ड होतोय. पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट पाठवतो."

"माझं काही चुकलं काय गो?" नलूने विचारलं.

"नाही गं. चहा टाक."

शनिवारी रबरबँड झालं, मेण झालं, गाठ झाली. ओळखीत ज्यांच्याकडे माझ्यासारखी होती ते सगळे स्वतःच धावणार होते. सेल संपला होता. माझी नवी बहीण पुन्हा चार हजारांना टांगलेली, हितेंद्रची सूट धरूनही छत्तीसशे, आणि मनवाचा पगार सात तारखेला.

रविवारी डोंगराच्या पायथ्याशी तपासनिसाने मला दोन्ही हातांनी दाबलं. गाठीतून धार त्याच्या बुटावर पडली.

"कड्यापर्यंत रिकामी होईल ही. नाही सोडता येणार."

"सर, मी पाणी पिणारच नाही. तशीच धावते."

"मग तर मुळीच नाही."

शर्यत सुटली. मनवा मला छातीशी धरून उभी राहिली, शेवटचा माणूस वळणाआड जाईपर्यंत.

घरी नलू उंबऱ्यातच होती. "कितवी आलीस?"

"चौथी. थोडक्यात गेलं गं."

नलूने तिचा टी-शर्ट बादलीत टाकायला घेतला आणि थांबली. नाकाशी धरला. साबणाचा वास होता, घामाचा नव्हता. तो स्वच्छ शर्ट तिने खूप वेळ घासला.

तेव्हापासून मला कोणी हात लावत नाही. मित्रांनो, जानेवारीत दुसरी शर्यत आहे. तुमच्या माळ्यावर माझ्यासारखी एखादी फाटकी, शिवण उसवलेली पडली असेल, तर तिला भंगारात देण्याआधी तोटी तेवढी काढून ठेवा. दातांनी दाबून बघा, सुईने नाही. करी रोडला कोणालाही मनवाचं घर विचारा. दार नलू उघडेल. तिला म्हणा, जास्तीची होती, म्हणून आणली.