धुण्याआधी एकदा बघा

मित्रांनो, मी एक जुना पॉट आहे. दवाखान्यातला, लघवीचा. मुरडलंत ना नाक? मुरडा, मला सवय आहे.

कारखान्यात पत्र्यावर पांढरंशुभ्र एनॅमल चढवून मला भट्टीत भाजलं. मी इतका पांढरा कशाला, हे कोडं मला तेव्हापासूनच पडलं होतं. असल्या कामाला एवढा नखरा! उत्तर मिळालं ते शिंपीकाकांच्या खाटेखाली.

काकांना मलेरिया झाला होता. ताप दोनदा उतरून पुन्हा आला, म्हणून यकृतात दडलेले जंतू मारणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी काकूंना बजावलं, "या गोळ्या एखाद्याच्या रक्ताला सोसत नाहीत, रक्त फुटून लघवीत उतरतं. कोणाला सोसणार नाहीत हे आधी सांगणारी तपासणी इथे होत नाही, तेव्हा लघवीचा रंग बघत जा. काळपट दिसली की लगेच सांगा."

तिसऱ्या सकाळी माझ्यात जे पडलं, ते कोऱ्या चहासारखं होतं. काका पिवळे पडले होते, नुसतं उठून बसतानाही धापा टाकत होते. काकूंनी आत पाहिलं आणि त्या चरकल्या. पण डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर म्हणाल्या, "ठीक आहे हो," आणि मला फडक्याने झाकून मोरीकडे धावल्या. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो! घाईत मी दाराच्या चौकटीवर ठाणकन आपटलो आणि काठाचा टवका उडाला. आवाजाने डॉक्टरीणबाई वळल्या.

"काकू, थांबा. तो पॉट धुऊ नका."

त्यांनी मला खिडकीशी, उजेडात नेलं. माझ्या पांढऱ्या तळावर तो रंग लपणार कसा? गोळ्या तिथल्या तिथे बंद झाल्या, काकांना रक्त चढवलं.

काकूंच्या डोळ्यांना धार लागली. "सांगितलं तर गोळ्या बंद कराल आणि मेला तो ताप परत येईल, असं वाटलं हो."

"येऊ दे. तापावर पुन्हा औषध देता येईल. अंगातलं रक्तच संपलं, तर औषध देऊ कोणाला?"

"पण पलीकडच्या खाटेवरच्या बाईंना हेच औषध छान लागू पडलं की!"

"त्यांचा चष्मा तुम्हाला चालेल का, काकू?"

काकू रडता रडता हसल्या. घरी जायच्या दिवशी त्यांनी मला लख्ख घासलं. त्याआधी मात्र खिडकीशी नेऊन नीट डोकावल्या.

आता प्लॅस्टिकचे पॉट आलेत. मी कपाटाखाली पडून असतो, टवक्यापाशी गंज चढलाय. मला फेकलंत तरी चालेल, मित्रांनो. पण आजारी माणसाचं काही लाजेने, भीतीने धुऊन टाकण्याआधी एकदा आत बघा, आणि दिसेल तेच सांगा. शिंपीकाका अजून मशीन चालवतात, ते तेवढ्यामुळेच.