मडगार्डभर अंतर

"ह्याला शर्यत म्हणायचं?" आर्वेल म्हणाला आणि उकडलेल्या शेंगेचं फोल त्याने पायाशी टाकलं. "वीस गाड्या, वीसच्या वीस एका साच्यातनं काढलेल्या. मुंग्यांसारख्या एकामागे एक चालल्यात. पुढे काढायची कुणाची टाप नाही."

"पण अंतर बघ की," मी म्हणाले. "पहिल्यात आणि विसाव्यात दीड सेकंद. आपल्या वेळी दुसऱ्या नंबरचा दोन दोन फेऱ्या मागे असायचा."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मोजायला तू होतास का मी?"

"गाडी मी चालवत होतो, म्हातारे. मागे बघावं तेव्हा कुणीतरी माझ्या शेपटाला चिकटलेलाच असायचा."

"तो एक फेरी मागचा असायचा. तुला वाटायचं बरोबरीचा आहे."

आर्वेल हसला. हसता हसता त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर त्याने नाकातली ऑक्सिजनची नळी सरळ केली आणि पुन्हा शेंगांच्या पिशवीत हात घातला.

आमच्या समोर सरावाच्या फेऱ्या चालल्या होत्या. लॉरेल गॅपचा हा ट्रॅक आमच्या वेळी लाल मातीचा होता. संध्याकाळी घरी गेलं की कानातून, दातांतून, मुलांच्या मानेवरून तीच माती निघायची. आता वर डांबर आहे आणि डांबराखाली एक तार पुरली आहे. प्रत्येक गाडीत एक डबी असते. गाडी तारेवरून गेली की यंत्र आपोआप फेरी मोजतं, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत.

त्या दिवशी ट्रॅकवर जुन्या माणसांचा मेळावा होता. जुनी माणसं म्हणजे आम्ही दोघंच उरलो होतो. कार्यक्रमाची व्यवस्था बघणारी शेल्बी नावाची बाई महिनाभर फोन करत होती, "मिस मोझेल, तुम्ही आणि मिस्टर आर्वेल दोघांनीही यायचं हं. पूर्वीची चुरस आता राहिलीय का, एवढाच प्रश्न विचारणार आहे." आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने मिसच म्हणतात. तीन वाजता आम्हाला मंचावर नेणार होते. त्यानंतर शर्यत.

मी मंचासाठी आले नव्हते. सोमवारी आर्वेलची मुलगी डार्ला त्याला ॲरिझोनाला घेऊन जाणार होती. तिकडची कोरडी हवा त्याच्या छातीला मानवेल, असं डॉक्टरांचं म्हणणं. तो शहाऐंशीचा, मी ब्याऐंशीची. परत भेट होणार नव्हती, हे दोघांनाही कळत होतं. मला त्याला एक गोष्ट सांगायची होती. साठ वर्षं सांगायची राहिली होती.

आमच्या डोंगराकडच्या भागात हा वाद नेहमीचा आहे. न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या जेवणाला, खताच्या गोदामात कुणीतरी म्हणतं, आता पूर्वीची चुरस नाही राहिली. दुसरा म्हणतो, आताच जास्त आहे, आकडे बघा. मग एखादा म्हातारा नुसतं म्हणतो, "चौसष्टची सप्टेंबरातली शर्यत." तिथे वाद संपतो. दोनशे फेऱ्या, त्यातल्या शेवटच्या पन्नास दारास दार घासून, आणि अखेरीला माझा नवरा गार्लंड प्रुइट नंबर एकाहत्तरच्या गाडीत आर्वेल टीगच्या नंबर आठच्या पुढे. एका मडगार्डाच्या अंतराने. जे त्या दिवशी जन्मलेही नव्हते, तेसुद्धा डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतात.

त्या काळी फेऱ्या आम्ही बायका मोजत असू. ट्रॅकच्या कडेला लाकडी माचा होता. प्रत्येक ड्रायव्हरने आपली मोजणारी आणायची, अशी पद्धत होती. बहुतेक जण बायकोलाच आणत. हातात एक पत्रक, त्यावर एकपासून दोनशेपर्यंत चौकोन. आपली गाडी समोरून गेली की पुढच्या चौकोनावर रेघ मारायची. शेवटी पत्रक बोलेल ते खरं. मला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. नवव्या वर्षापासून मी शेतात होते आणि पुढे मोज्यांच्या गिरणीत. पण आकडे कळत होते आणि नजर पक्की होती. गार्लंडची मोजणी मी सहा वर्षं केली, एकही फेरी चुकवली नाही.

त्या दिवशी सकाळी आर्वेलच्या बायकोला, इनेझला, कळा सुरू झाल्या. तो पत्रक घेऊन माच्याखाली आला. वर डझनभर बायका होत्या. त्याने सगळ्यांसमोर ते माझ्या हातात दिलं.

"अरे, मी तर गार्लंडची मोजणार," मी म्हणाले.

"दोन्ही मोज. तू मोजलंस की मला बघायला नको."

म्हणून माझ्या मांडीवर दोन पत्रकं होती.

"आर्वेल," मी म्हणाले, "चौसष्टबद्दल तुला काही सांगायचंय."

"मंचावर सांग ना. इथे फुकट कशाला?"

"मंचावर सांगायच्या आधी तुला सांगते."

त्याने पिशवी बाजूला ठेवली. माझ्या आवाजात काहीतरी असावं.

"एकशेत्रेचाळिसाव्या फेरीला गार्लंडचं पुढचं टायर फुटलं, आठवतं?"

"कठड्याला घासत गेला. धूळच धूळ. टायर बदलून परत आला तेव्हा मी त्याच्यापुढे एक फेरी टाकली होती, असं मला वाटत होतं." तो हसला. "वाटत होतं."

"टाकली होतीस."

"काय?"

"टायर फुटल्यावर मी उभी राहिले. तुझ्या पत्रकाची पेन्सिल फळ्यांच्या फटीतून खाली गेली. शेजारणीने तिची देईपर्यंत तू समोरून निघून गेला होतास. मी तुला पाहिलं होतं, आर्वेल. मनात म्हटलं, पुढच्या वेळी दोन रेघा मारीन. पुढच्या वेळी तू आलास, मी एकच मारली."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"मग राहून गेली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं," मी म्हणाले. "पण त्यानंतर पन्नासहून जास्त वेळा तू माझ्यासमोरून गेलास, आणि प्रत्येक वेळी मी एकच रेघ मारली. गार्लंड सहा वर्षांत एकही शर्यत जिंकला नव्हता. तो तुझ्याशी असा झगडत होता, आणि मी तुझी फेरी दाबून बसले होते. त्याने शेवटचा झेंडा घेतला त्याच्या एक फेरी आधीच शर्यत संपली होती. तू जिंकला होतास."

"मिस्टर बमगार्नरने तुला विचारलं होतं," तो सावकाश म्हणाला. मोजणीचे प्रमुख ते. "मी तिथंच उभा होतो. 'मोझेल, पत्रक बरोबर आहे ना?' म्हणाले."

"मी हो म्हणाले."

"आणि मी टोपी काढून गार्लंडचा हात हातात घेतला."

"हो."

पुढचं मी त्याला सांगितलं नाही. त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रातलं कात्रण गार्लंडने बायबलमध्ये ठेवलं होतं. मला ते वाचता येत नव्हतं, म्हणून तोच वाचून दाखवायचा, पण फक्त पहिल्या चार ओळी, मडगार्डाच्या. तो गेल्यावर एकोणसाठाव्या वर्षी मी चर्चच्या तळघरात अक्षरं शिकायला जाऊ लागले. वर्षभराने ते कात्रण उघडलं आणि बोट ठेवून ठेवून शेवटपर्यंत वाचलं. खाली लिहिलं होतं, दोन्ही गाड्यांची मोजणी सौ. प्रुइट यांनी केली, आणि त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल टीग यांच्यासह कुणालाही शंका नव्हती. सदतीस वर्षं ते वाक्य माझ्या घरात होतं आणि मला माहीत नव्हतं.

"आज मी वर जाऊन सांगणार आहे," मी म्हणाले. "ती शर्यत तुझी होती. तू जायच्या आधी लोकांना कळायला हवं."

मला वाटलं होतं, तो चिडेल. किंवा रडेल. म्हाताऱ्या माणसाचं काय सांगावं, कदाचित माझा हात धरेल. कितीतरी रात्री मी ते तिन्ही मनात करून पाहिलं होतं.

"गार्लंडला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"नाही. शेवटपर्यंत नाही."

"मग तो त्या पन्नास फेऱ्या माझ्याशी कशासाठी लढत होता?"

"जिंकायला. त्याला वाटत होतं बरोबरीत आहोत."

"आणि मला वाटत होतं, एक फेरी पुढे असलो तरी ह्याला पुढे जाऊ द्यायचं नाही. पत्रक आलं तेव्हा कळलं, अरे, आपण खरंच बरोबरीत होतो. त्या रात्री इनेझला दवाखान्यात म्हणालो, आज मी हरलो, पण अशी शर्यत पुन्हा व्हायची नाही." तो थांबला. श्वास परत आल्यावर म्हणाला, "मी एकवीस शर्यती जिंकलोय, मोझेल. त्यातली एक तरी सांग."

मी आठवू लागले. मला सांगता येईना. मीच माच्यावर होते, तरी सांगता येईना.

"बघ. तुलाही नाही आठवत. कुठली दोन फेऱ्यांनी, कुठली तीन फेऱ्यांनी. तू म्हणतेस तेच खरं, आपल्या वेळी शर्यती तशाच व्हायच्या. ही एक तेवढी वेगळी होती. दुकानात गेलो तर लोक खुर्ची देतात ते हिच्यासाठी. एका फेरीने जिंकलेल्याला कोण खुर्ची देतं?"

"पण ते खरं नाही ना रे."

"साठ वर्षं झाली. आता माझ्याकडनं ती काढून घेणार?"

"मी तुला देतेय, आर्वेल. काढून नाही घेत."

"मला नको!" तो एवढ्या जोराने म्हणाला की पुढच्या खुर्च्यांवरची दोन माणसं वळली. तो धापा टाकू लागला. मी नळीकडे हात नेला, तर त्याने तो बाजूला केला. जरा वेळाने हळू म्हणाला, "तुला ओझं उतरवायचंय. उतरव. पण मी ते कुठं ठेवू, सांग? ॲरिझोनात मला ओळखणारं कुत्रंसुद्धा नाही. मी जाताना नेणार काय, तर एवढीच एक गोष्ट."

हे ज्याला सांगता येईल असा जगात एकच माणूस होता, आणि त्याने तोंड ट्रॅककडे फिरवलं होतं. आम्ही शेजारी शेजारी बसून राहिलो. सराव संपला, गाड्या आत गेल्या. एकदम शांत झालं. डार्ला बर्फाच्या चहाचे दोन पेले घेऊन आली.

"काय, भांडलात का दोघं?"

"ही म्हणते, आताच्या शर्यती चांगल्या," आर्वेल म्हणाला.

तीन वाजता शेल्बीने मला हाताला धरून मंचावर चढवलं. आर्वेलची चाकाची खुर्ची वर जाईना, म्हणून त्याला खाली, अगदी पुढे ठेवलं. गॅलरी बऱ्यापैकी भरली होती. शेल्बीने ध्वनिक्षेपक माझ्या तोंडापाशी धरला.

"मिस मोझेल, तुम्ही दोन्ही काळ पाहिलेत. पूर्वीची चुरस आता राहिलीय का?"

"आता जास्त आहे," मी म्हणाले. "मी मोजलेल्या शर्यतींत दुसरा बहुतेक वेळा फेरीभर तरी मागेच असायचा. तुम्ही चांगल्या तेवढ्याच लक्षात ठेवल्यात."

गॅलरीतून ओरडा झाला. कुणी शिट्टी मारली. एकजण ओरडला, "आजी, तुम्ही घरी जा!" लोक हसले. मग अपेक्षेप्रमाणे वरून दोन-चार आवाज आले, "आणि चौसष्टची?"

"हो, चौसष्टची!" शेल्बी म्हणाली. "ती तर तुम्हीच मोजली होती. खरं सांगा, गार्लंड आणि मिस्टर आर्वेलमध्ये किती अंतर होतं?"

सत्य माझ्या जिभेवर होतं. मी खाली पाहिलं. आर्वेलने टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि तो माझ्याकडे बघत होता. चौसष्ट साली पत्रक माझ्या हातात देताना बघितलं होतं तसा नाही. त्या दिवशी त्याला कसलीच भीती नव्हती.

मी दोन्ही हात वर केले आणि फूटभर अंतर धरलं.

"एवढं," मी म्हणाले.

"खोटं बोलतेय ती!" आर्वेल खालून ओरडला.

शेल्बीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं.

"अर्धं कर!" तो म्हणाला.

गॅलरीत एकच हशा फुटला. लोक टाळ्या वाजवत, पाय आपटत उभे राहिले. मी हात जवळ आणले.

"अजून," आर्वेल म्हणाला.

मी अजून आणले. आता मध्ये चार बोटंही राहिली नव्हती. त्याने मान तिरकी करून नीट पाहिलं, हातांकडे, मग माझ्याकडे.

"हां. आता बरोबर," तो म्हणाला आणि टोपी डोक्यावर घातली.

डार्लाने त्याची खुर्ची फिरवली. ऊन फार झालं होतं, त्याला घरी न्यायचं होतं. शेल्बी ध्वनिक्षेपक घेऊन ड्रायव्हरांची नावं सांगायला पुढे गेली. मंचावर मी एकटी उरले होते, आणि दोन्ही हात तेवढ्याच अंतरावर तसेच धरून उभी होते.