लाखाच्या पुढे दोन

मित्रांनो, मी एक जुनी, सहा आकडी संख्या आहे. अलीकडे एक, पलीकडे दोन आणि मध्ये चार शून्ये. एक लाख दोन! नाव ऐकून तुमचे डोळे काही चमकले नाहीत, हे मला दिसले. सवय आहे मला त्याची.

माझा सारा मान शेजारच्या लाखाने पळवला. आमच्या उसाच्या बेटावर, सें पिएर गावाजवळच्या कारखान्यात साखरेचे लाखावे पोते भरले, तेव्हा त्याला हार घातला, फोटो काढला. दोन पोत्यांनंतर मी आले, तर नुसते "चला, उचला!" माझ्या पुढची एक लाख तीनही तोऱ्यात असते. ती मूळ संख्या ना! एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणीच भागू शकत नाही. मला मात्र भाग जातो. माझ्या अंकांची बेरीज तीन, म्हणून तीनने जातो. सातनेही जातो, करून पाहा. म्हणून एकवीसनेही जातो आणि बाकी काही उरत नाही. याचा उपयोग काय, हे कित्येक वर्षे मलाच ठाऊक नव्हते.

मग १९८३ साल आले. सें पिएरच्या देवकीबाईंचा मुलगा जयराम मोठ्या आजारातून उठला. त्यांनी नवस केला होता, गणपतीला लाख दूर्वा वाहीन, एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधून. शंभर घरांनी हजार-हजार दूर्वा मोजून, ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या. शेवटचे हजार देवकीबाईंच्या सुनेचे, म्हणजे जयरामच्या बायकोचे, पुष्पावतीचे. चतुर्थीच्या आदल्या दुपारी देवळाच्या ओसरीवर बायका जुड्या बांधत होत्या. चार हजार सातशे एकसष्ट जुड्या झाल्या आणि उरल्या एकोणीस दूर्वा.

"आयो! दोन कमी!" देवकीबाई ओरडल्या. "पुष्पा, शेवटचे हजार तुझेच होते."

"आई, मी दोनदा मोजलंय."

"मग दोन गेल्या कुठं? पा कोने, कोण जाणे! नवस मोडला तर माझ्या पोराचं काय व्हायचं?"

पुष्पावतीचा चेहरा पांढराफटक पडला. आपल्या हातून चूक झाली आणि ती नवऱ्याच्या जिवावर बेतणार, असे तिला वाटले. ती बांधलेल्या जुड्या सोडून पुन्हा मोजू लागली. मला फार वाईट वाटले.

तेवढ्यात विद्यावतीबाई आल्या. त्या शनिवारी मुलांना मराठी शिकवत. त्यांनी सारे ऐकले, पिशवीतून खडू काढला आणि फरशीवर भागाकार मांडला.

"थांब गो, सोडू नको. ही कोणाची चूक नाय. लाखाला एकवीसनं भागलं की एकोणीस उरतातच. अजून दोन घाला, म्हंजे शेवटची जुडी पुरी." असे म्हणून त्यांनी मला फरशीवर ठसठशीत लिहिले. खाली उत्तर आले चार हजार सातशे बासष्ट, बाकी शून्य.

"पण नवस लाखाचा हाय," देवकीबाई म्हणाल्या.

"लाख पुरे झालेच की, मावशी. दोन वरती गेल्या म्हणून गणपती परत करणार हाय काय?"

ओसरीभर हशा पिकला. पुष्पावती रडता रडता हसू लागली. देवकीबाईंनी नळाजवळच्या दोन दूर्वा खुडल्या आणि सुनेच्या ओंजळीत ठेवल्या. "तूच बांध," त्या म्हणाल्या. "मी उगाच बोलले तुला." माझाही जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी ओसरी धुतली आणि मी पुसली गेले. त्याचे मला काही वाटले नाही. मित्रांनो, एवढेच सांगते. कुठे दोन कमी पडले, तर लगेच कुणाकडे बोट दाखवू नका. आधी खडू घ्या आणि भागाकार करा. त्यात फार तर फरशी खराब होते.