पिंजणीवरचा दुसरा खळगा

माझ्या दांड्यावर दोन खळगे आहेत. पहिला चांगला रुंद आहे आणि अंगठ्याच्या बाजूला जास्त खोल गेला आहे. दुसरा त्याच्यापासून वीतभर पुढे, मला टांगायची दोरी जिथे बांधतात त्या जागेजवळ आहे. तो अरुंद आहे, उथळ आहे, आणि त्यात पुरुषाची चार बोटे नीट मावत नाहीत. हे खळगे कोणी कोरलेले नाहीत. हात रोज एकाच जागी पडला की लाकूड तिथे झिजते. ज्याचा हात लहान, तो मला दोरीजवळ धरतो, कारण तिथे माझा भार कमी लागतो.

एवढे कोणालाही पाहता आले असते. कोणी पाहिले नाही. मित्रांनो, माझा राग तिथून सुरू होतो.

मी कापूस पिंजण्याची पिंजण. आता यंत्रे आली, म्हणून तात काढून मला भिंतीवर अडकवले आहे. पण एके काळी कामरगावातल्या निम्म्या गाद्यांची रुई माझ्या तातीवरून गेलेली होती. रज्जाक पिंजाऱ्याच्या वडिलांनी मला करवून घेतले. दांडा सागवानाचा, एका टोकाला रुंद फळी, आणि दोन टोकांमध्ये ताणलेली शेळीच्या आतड्याची तात. मला आढ्याला टांगायचे, डाव्या हाताने दांडा धरायचा आणि उजव्या हातातल्या लाकडी ठोक्याने तातीवर मारायचे. तात थरथरत खालच्या रुईत शिरते. दबून गोळा झालेली रुई उकलते आणि फुलून वर येते. माझा आवाज दोन गल्ल्या पलीकडे जातो.

रज्जाकचा हात लांब होता. त्याचा ठोका सावकाश पडे आणि तात बराच वेळ घुमत राही. लोक म्हणत, "रज्जाकच्या गादीत गोळा सापडला त दाखवून द्या." लेकीच्या लग्नाची गादी त्याच्याकडूनच भरून घ्यायची, असे गावात ठरूनच गेले होते. मला त्याचा अभिमान होता. तो मी नाकारत नाही.

पिंजताना खोलीचे दार लोटून घ्यावे लागते. वारा आला की रुई उडते. बंद खोलीत रुईचा बारीक तंतू हवेत तरंगत राहतो. तो एरवी दिसत नाही. छपराच्या फटीतून उन्हाची तिरीप आली की तेवढ्या पट्ट्यात दिसतो, आणि मग कळते की सगळी खोलीच त्याने भरलेली आहे. रज्जाकने वर्षानुवर्षे तो श्वासाबरोबर आत घेतला. नाकावर फडके बांध, असे त्याची बायको मेहरबी सांगे. तो हसे. पुढे तो खोकू लागला, आणि त्याच्या सावकाश ठोक्यांमध्ये खोकल्याच्या उबळी येऊ लागल्या. एके दिवशी उबळ थांबेना. मेहरबीने त्याच्या हातातून ठोका काढून घेतला, ओढणी नाकावर आवळली आणि मला दोरीजवळ धरले.

सुरुवातीला तिचा ठोका तिरपा पडे आणि तात नुसती किंचाळे. पण ती शिकली. आखूड, लागोपाठ ठोके, आणि मध्ये रुई परतायला एक थांबा. तिची रुई रज्जाकच्या रुईपेक्षा हलकी निघे. हे मी सांगते, कारण दोघांचीही रुई माझ्याच तातीवरून गेली.

रज्जाक तेव्हा खोलीतच कोपऱ्यात बसे, म्हणून बाहेरच्यांना वाटे, तोच पिंजतो आहे. गाद्यांची वाहवा त्याला मिळे. मेहरबी काही म्हणत नसे. पण बसल्या जागी त्याचा खोकला वाढला, तेव्हा तिने त्याला बजावले, "तुमी बाहीर बसत जा. अठी बसून छाती काहून खराब करून राह्यले?"

आपला वऱ्हाड मुंबई राज्यात गेला त्या वर्षीचा हिवाळा होता. रज्जाक चौकात शालिग्राम न्हाव्यापुढे दाढीला बसला होता. तोंडाला साबण होता. इकडे मेहरबीने मला हाती घेतले. पुढची गोष्ट गावाने इतक्यांदा सांगितली की ती मला पाठ आहे.

शालिग्रामचा वस्तरा गालावर थांबला. "रज्जाकभाई, तुमी त अठी बसले. मंग तठी पिंजन कोन चालवून राह्यलं?"

शेजारी नंबर लावून बसलेला गुलाबसिंग म्हणाला, "हात बी याचा नाई. याचा ठोका लंबा असते."

मित्रांनो, खरे उत्तर दोन शब्दांचे होते. माझी बायको. रज्जाकला ते सांगता आले नाही. ज्या गाद्यांसाठी लोक त्याला सलाम करत, त्या बाईमाणसाने पिंजल्या, हे साबण लावलेल्या तोंडाने सांगायची त्याला लाज वाटली. तो म्हणाला, "फय्याज आला असंन. माहा मामेभाऊ, मेडशीचा."

"पाव्हना घरी आला अन् तुमी अठी कायले बसले?" शालिग्रामने विचारले.

"दाढी वाढली होती."

गुलाबसिंग हसला. शालिग्रामने वस्तरा पुन्हा चालवला. गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी रज्जाक चौकात बसलेला आणि माझा आवाज घरातून येतो आहे, असे पुन्हा झाले. तिसऱ्या दिवशीही. नवरा चौकात, दार लोटलेले, आत मामेभाऊ. आणि हा मामेभाऊ येताना कोणाला दिसत नाही, जाताना दिसत नाही. मग विहिरीवर जे बोलले गेले ते मी तुम्हाला सांगणार नाही. पोरे मेहरबीच्या मागे तोंडाने 'टंग टंग' करत फिरू लागली. गल्लीतल्या धुरपताबाईने धाकट्या लेकीच्या लग्नाची गादी भरायला रुई टाकली होती. ती येऊन रुई परत घेऊन गेली. म्हणाली, "अशा घरची गादी माह्या पोरीले नको बापा." तिच्या थोरल्या लेकीची गादी याच घरची होती, आणि तीही मेहरबीनेच पिंजली होती.

मेहरबी नवऱ्याला म्हणाली, "सांगा ना लोकायले."

"सांगतो. हा बाजार होऊ दे."

बाजार झाला. "येवढं लग्नाचं काम निपटू दे." काम निपटले. "थंडी जाऊ दे, मंग सांगतो."

त्याला खोकला होता, हे खरे. तो वाईट माणूस नव्हता, असेही लोक म्हणतात. पण बायकोचे नाव चिखलात पडलेले दिसत असताना हा माणूस हंगाम मोजत बसला होता. माझी तात पावसाळ्यात सैल पडते, पण ती हवेची ओल असते. याला कसली ओल लागली होती, मला कळले नाही. एकदा तर गल्लीतल्या माणसांपुढे त्याने कपाळाला आठी घालून म्हटले, "फय्याजले मी पाहून घेईन." आढ्याला टांगलेल्या पिंजणीला हातपाय नसतात, हे त्याचे नशीब.

बोलणे मेडशीला पोचले. फय्याज स्वतःची पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव हिंडत होता. त्याची बायको अन्वरी मात्र मोटारी बदलत भर दुपारी कामरगावात उतरली. माझा आवाज तिने चौकातूनच ऐकला आणि तशीच निघाली. तिच्या मागे शालिग्राम, धुरपताबाई, निम्मी गल्ली. सगळ्यांत मागे खोकत रज्जाक.

"दार उघड भाबी, नाई त मी उघडते."

दार नुसते लोटलेले होते. अन्वरी जोरात धडकली आणि थेट रुईत येऊन पडली. मेहरबीने ठोका खाली ठेवला. तिच्या पापण्या, भुवया, केस, सगळे पांढरे झाले होते.

"कोठी हाय थो?"

"कोन?"

"माहा नवरा. दुसरा कोन."

"पाहा ना रुईत," मेहरबी म्हणाली. "ढीग मोठा हाय. दोन नवरे मावतीन."

अन्वरीने खरेच कोपऱ्यातली काठी घेऊन ढिगात खुपसली. आतून रुईच उडाली आणि तिला शिंका सुटल्या. दारातले लोक हसले. मेहरबी हसली नाही. अन्वरीने डोळे पुसले, माझ्याकडे पाहिले, मग मेहरबीचा हात धरून तळवा उलटा केला. बोटांच्या मुळाशी घट्टे होते.

"असे घट्टे फय्याजच्या हाताले हायेत. मी तेल लावत असते त्याले," ती हळूच म्हणाली. मग दाराकडे वळली. "रज्जाकभाई, माह्या नवऱ्याचं नाव तुमी घेतलं?"

"मी फक्त आला असंन म्हटलं."

"गावोगाव फिरनाऱ्या मानसाचं नाव घेनं सोपं हाय. घरातल्या बाईचं काहून जड गेलं?"

रज्जाक खोकला. "थंडी गेली का सांगनारच होतो."

मित्रांनो, रुई पिंजायला बसलात तर नाकावर फडके बांधा. वस्तूची काळजी घ्या असे सगळेच सांगतात, मी म्हणते, ती चालवणाऱ्या हाताचीही घ्या. आणि बंद दारातून आवाज आला तर आत कोण आहे ते आपल्या मनाने ठरवू नका. दार उघडा आणि पाहा.

मेहरबीने तोंडावरची ओढणी सोडली. इतके दिवस जे नवऱ्याने बोलावे म्हणून ती थांबली होती, ते तिने दारातल्या सगळ्यांकडे बघत स्वतःच बोलून टाकले. आवाज चढवला नाही.

"साल झालं, ह्या गावाची रुई मी पिंजून राह्यली. उद्यापासून दार उघडं ठेवून पिंजीन. उडाली त उडू द्या." मग ती रज्जाककडे वळली. "तुमी दारात बसा. कोनी पुसलं, पिंजन कोन चालवते, त माहं नाव सांगा."