हो म्हण, सुटशील

"हो म्हण, सुटशील," असं वकिलांनी माझ्या भावाला सांगितलं, तेव्हा तो चौदा महिने तुरुंगात होता.

फकीरप्पा माझ्याहून सात वर्षांनी लहान. पकडला तेव्हा एकोणिसावं लागून दोनच महिने झाले होते. गदगला एका दुकानात मोटारी भरायचं काम करायचा. जळलेल्या पंपाची मोटार खोलायची, आतली जळकी तार काढायची, तांब्याची नवी गुंडाळायची. हात इतका सफाईचा, की गिऱ्हाईक नावानं विचारत यायचं.

आमच्या गावचे बडे जमीनदार शंकरगौडा, त्यांच्या शेतातल्या तीन मोटारी कुणीतरी फोडून तांबं पळवलं. चार दिवसांनी बसस्टँडवर पोलिसांनी फकीरप्पाची पिशवी उघडली, तर आत तांब्याची तार. न्हाव्याच्या पिशवीत वस्तरा सापडावा तशी. पण त्यांना तेवढं पुरलं. गौडांचा राखणदार यंकप्पा, त्यानं ठाण्यात 'हाच तो' म्हणून ओळखलंही.

तार दुकानातली होती. दुकानदारानं एवढंच सांगायचं होतं. पण गौडांच्या सगळ्या मोटारी त्याच्याकडेच भरायला येतात. "आठवत नाही बाई मला," म्हणाला, आणि पंख्याकडे बघत बसला. जामीन मंजूर झाला, पण जमिनीचा उतारा असलेला जामीनदार हवा. गौडांच्या विरोधात उभा राहणारा उतारा आमच्या गावात निघाला नाही.

मग तारखा. मी खानावळीत भाकऱ्या थापते. तारखेला गेलं की त्या दिवसाचं काम बुडतं. कधी जज्जसाहेब रजेवर, कधी वकिलांचा बहिष्कार, आरोपीला आणायला गाडी नाही. यंकप्पाला काढलेलं समन्स तीनदा परत आलं, 'पत्त्यावर सापडला नाही' म्हणून.

सरकारनं दिलेले वकील कुंदगोळ सर. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. म्हणाले, "मल्लव्वा, कबूल करू दे त्याला. आत काढले तेवढेच महिने शिक्षा धरून साहेब सोडतील. संध्याकाळी पोरगं घरी."

"चोरी केलीच नाही त्यानं, सर!"

"मी कुठं म्हणतो केली? घरी न्यायचंय की नाही, ते बोल."

मी तुरुंगात भेटायला गेले. फकीरप्पाच्या मानेवर खरूज उठली होती. "अक्का, मी हो म्हणतो," तो म्हणाला. "मला फक्त घरी झोपायचंय."

"आणि जन्मभर चोर म्हणवून घेणार? हो म्हणालास तर माझ्या उंबऱ्याला पाय लावू नकोस!"

राग कुणाचा, काढला कुणावर. पण बोलून गेले.

कोर्टात साहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही साहेब." पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची पडली.

त्यानंतर महिन्याभरानं मला यंकप्पा सापडला. बसस्टँडसमोर, स्वतःच्या गाड्यावर तिखट चुरमुऱ्यांचं गिरमिट विकताना! राखणदारी सोडून वर्ष झालं होतं त्याला. आणि गिऱ्हाईक कोण? दोन पोलीस, द्रोण हातात घेऊन हसत खात उभे.

मी धावत वकिलांकडे गेले. ते माझ्यावरच ओरडले, "साक्षीदाराशी बोललीस? तुलाच आत टाकतील!"

"बोलले नाही. गाडा बघितला. पत्ता लिहून घ्या."

लिहून घेतला. तरी तो पिंजऱ्यात उभा राहीपर्यंत आणखी सात महिने गेले. एकदा तर यंकप्पा आला होता, तेव्हा सरकारी वकीलच नव्हते.

शेवटी कुंदगोळ सरांनी त्याला विचारलं, "चोराचं तोंड पाहिलं होतं?"

"नाही जी. पळताना पाठ दिसली."

"मग ओळखलं कसं?"

"ठाण्यात जमादारांनी दाखवलं. हाच ना, म्हणाले. मी म्हटलं, असंल."

असंल! त्या एका शब्दावर माझा भाऊ बावीस महिने आत होता. मला ओरडावंसं वाटलं, पण शिपाई बोट दाखवून गप्प बसवत होता.

पुढच्या महिन्यात निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन आरोपीची मुक्तता. मी कारकुनाला विचारलं, "त्यानं चोरी केली नाही, असं कुठं लिहिलंय?"

"सुटला ना बाई? आणि काय पाहिजे?"

बाहेर फकीरप्पा पायरीवर बसला होता. त्याला हसू येत नव्हतं, मलाही.

"अक्का," तो म्हणाला, "तेव्हा हो म्हणालो असतो, तर नऊ महिने आधी सुटलो असतो."

"चोर म्हणून सुटला असतास."

"आता काय म्हणून सुटलोय?"

निकालाची नक्कल घ्यायची होती, म्हणून मी खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभी राहिले. खिडकी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद झाली होती.