धाकटीचं वेगळं पातेलं

सणाच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी बाजारातून नवं कोरं पातेलं आणलं. त्याच्याबरोबर नवा डाव, नवं झाकण. सगळं घासूनपुसून वरच्या फळीवर ठेवलं आणि मला बजावलं, "याला मटणाचा हात लावू नकोस हं. धाकटीचं आहे."

धाकटी म्हणजे माझी जाऊ. या घरातला तिचा हा पहिलाच सण. लग्नानंतर पहिल्याच जेवणाला तिने ताटावर हात आडवा धरून सांगून टाकलं होतं, "आई, मी नॉनव्हेज खात नाही." मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हटलं, आता आभाळ कोसळणार. कसलं काय. "बरं झालं बाई सांगितलंस," म्हणत त्या तिच्यासाठी भाजी परतायला उठल्या.

तेव्हापासून माझा जळफळाट चालू आहे. कारण मीही खात नाही. माहेरी कुणीच खात नव्हतं. पण मी इथे आले तेव्हा मला कुणी विचारलं नाही, आणि सासूबाईंचा तेव्हाचा आवाज ऐकून सांगायची माझी छाती झाली नाही. पहिला घास हात धुवायच्या निमित्ताने थुंकून आले. मग युक्ती सापडली. ताटातले तुकडे नवऱ्याच्या ताटात सरकवायचे आणि आपण भात-कोशिंबिरीवर भागवायचं. सगळ्यांना ते दिसायचं. "नवऱ्यावर भारी जीव आहे हो हिचा," म्हणायचे. नवऱ्यालाही तसंच वाटायचं आणि तो फुगायचा, दोन्ही अर्थांनी.

वर सणाचं मटण करायचं काम माझ्याकडेच. मी ते चाखत नाही, वासावरून मीठ ओळखते. त्याचंही कौतुक. सासरे पाहुण्यांना सांगतात, "थोरलीला चाखावं लागत नाही, हाताला अंदाज आहे तिच्या."

यंदा मी त्या मोठ्या पातेल्यापाशी घामाघूम होऊन उभी होते आणि शेजारच्या शेगडीपाशी सासूबाई. मी आल्यापासून त्यांनी सणाला डाव हातात धरला नव्हता. आज धाकटीसाठी ढोबळ्या मिरच्या भरत होत्या, आणि दर मिरचीला विचारत होत्या, "तिखट चालेल ना गं? बेदाणे घालू?" धाकटी स्टुलावर बसून "घाला ना आई" म्हणत होती. मलाही बेदाणे आवडतात. आहे कुणाला पत्ता?

धाकटी खाष्ट असती तर सोपं गेलं असतं. ती उठून माझ्याजवळ आली. "ताई, तुम्ही जरा बसा, मी ढवळते. मला वासाचं काही नाही."

"तू लांबच राहा बाई," मी म्हटलं. "तुला वास लागला तर आई मला घराबाहेर काढतील."

टोमणा तिला कळलाच नाही. ती मनापासून हसली, आणि मला तिचा आणखी राग आला.

जेवायला बसलो. नव्या पातेल्याचं झाकण निघालं आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी न राहवून हात पुढे केला.

"अगं अगं," सासूबाईंनी माझं मनगट धरलं, "मोजक्याच आहेत त्या. तिला दुसरं काय आहे खायला? तुला मटण आहे की." आणि माझ्या ताटात डावभर मटण वाढलं.

नवऱ्याने सवयीने आपलं ताट माझ्याकडे सरकवलं.

"मीही नॉनव्हेज खात नाही," मी म्हणाले. "कधीच खाल्लं नाही."

सासरे हसले. "करणारी तूच आणि..." नवऱ्याने एकदा माझ्या ताटाकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या, आणि तोंडातला घास चावायचा थांबला. धाकटीने पातेलं माझ्या बाजूला ढकललं. पण मला तिचं काही नको होतं. मला सासूबाईंनी वाढायला हवं होतं.

त्यांनी डाव खाली ठेवला. माझ्याकडे नीट, पहिल्यांदा बघावं तसं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, अगदी खरी काळजी. मी ताटात मिरचीपुरती जागा केली.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "मग पुढच्या सणाला मटण कोण करणार?"